धानाच्या मुलुखातील सांदवाडी आणि फळझाडे

नाकाडोंगरी व आसपासच्या गावांत घर म्हटले म्हणजे पुढे अंगण आणि मागे सांदवाडी असावयाचीच. सांदवाडीत मुनग्याचे एखादे झाड, कुंपणाशी पपई, न्हाणीच्या पाण्यावर केळीचे दोनचार खुंट आणि आजोबा-पणजोबांनी लाविलेला एखादा गावरान आंबा, इतका सरंजाम बहुतेक घरी दृष्टीस पडतो. याखेरीज चांगल्या जातीची फळझाडे लावावी ही हौसही कमी आहे असे नाही. मृग लागला की तुमसरच्या बाजारातून किंवा दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून रोपे आणिली जातात, मुले उत्साहाने खड्डे खणितात, आणि दोन वर्षांनी पाहावे तो त्या जागी वाळलेली काडी असते, किंवा तीही नसते. मग "आपल्या मातीला फळझाड मानवत नाही" असे म्हणून घरधनी स्वस्थ बसतो व मुलांकरिता बाजारातून केळी विकत आणतो. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे आम्ही स्वतःच्या नुकसानीवरून पडताळून पाहिले असल्यामुळे ते वाचकबंधूंपुढे मांडीत आहो.

महसूल खात्यात कारकुनी करून सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही आमच्या सांदवाडीत अकरा रोपे लाविली. आंब्याची तीन कलमे, पेरूची (ज्यास आपल्याकडे जाम म्हणतात) दोन, संत्र्याची दोन, कागदी लिंबाची दोन, फणस एक व चिकू एक, अशी ती होती. जन्मभर नोंदवह्या लिहिण्याची सवय. तेव्हा या अकरा रोपांचीही आम्ही एक वही घातली. रोप कोठून आले, कोणत्या तारखेस लाविले, कोणत्या तारखेस गेले आणि कशाने गेले, असे रकाने पाडिले. दोन पावसाळे गेल्यानंतर अकरापैकी तीन झाडे उरली. दोन्ही पेरू व एक आंबा. गेलेल्या आठांपुढे "कशाने गेले" या रकान्यात आम्ही बेधडक "उन्हाने" असे लिहून ठेविले होते. पुढे एके दिवशी वही चाळीत असता तारखांकडे लक्ष गेले आणि आमचे आम्हांसच हसू आले. चिकू शेळीने खाल्ला होता, ते सोडून द्यावे. बाकीच्या सातांपैकी पाच झाडे आश्लेषा नक्षत्रापासून हस्तापर्यंतच्या काळात, म्हणजे ऐन पाऊसपाण्यात मेली होती. दोनच चैत्रात वाळली. आणि तीही उपटली तेव्हा त्यांची मुळे काळी पडून त्यांस मोरीतल्या गाळासारखी दुर्गंधी येत होती. म्हणजे मरणाचे बीज मागच्या पावसाळ्यातच पडले होते, उन्हाने केवळ शेवटचा धक्का दिला. वैशाखातल्या उन्हाने आपण होऊन मेलेले असे एकही झाड आमच्या वहीत निघाले नाही.

आपण धान पिकविणारे लोक. पाण्याचा आणि पिकाचा संबंध आपण धानावरून ठरवितो, आणि येथेच चूक होते. बांधीत चार बोटे पाणी महिनोन्महिने उभे असले तरी धान हिरवागार राहतो. तेव्हा पाणी साचल्याने झाड मरते ही गोष्ट मनाला लवकर पटत नाही. धानाची रचना मात्र निराळी आहे. त्याच्या पानांतून, काडीतून आणि मुळांतून बारीक पोकळ मार्ग असतात व त्यांमधून वरची हवा खाली मुळांच्या टोकापर्यंत पोचते. आंबा, लिंबू, पपई, फणस यांच्या मुळांस अशी सोय नाही. त्यांची मुळे मातीच्या कणांमधील फटींत जी हवा असते तिच्यावरच श्वास घेतात. पाऊस लागून राहिला म्हणजे या फटी पाण्याने भरतात, हवा निघून जाते, मुळे गुदमरून कुजू लागतात आणि कुजलेल्या मुळांवर बुरशीचे रोग चढतात. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून झाड पाण्यात उभे असूनही तहानल्यासारखे माना टाकते. पाने पिवळी पडतात. धनी समजतो की झाडास खत कमी पडले, आणि मूठभर युरिया टाकितो. आम्हीही टाकिला होता.

भंडारा जिल्ह्यात साधारणपणे १३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग चार महिन्यांतच पडून जातो. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत या जिल्ह्यातील जमिनींची कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी अशी नावे येतात. त्यांपैकी मुरमाड तांबडी बर्डी धानाला कनिष्ठ म्हणून तिच्यावर आकारणीही कमी. परंतु पाणी निथरून जाते म्हणून सीताफळ, आवळा, बोर यांस तीच उत्तम. उलट काळी चिकण कन्हार जमीन मोलाची खरी, पण तिच्यात खणलेला खड्डा म्हणजे फळझाडाची थडगीच होय. धानाच्या दृष्टीने जी जागा हलकी, ती फळाच्या दृष्टीने पुष्कळदा भारी ठरते, हे ध्यानात ठेवून आपली वाडी नव्याने पाहावी.

पुस्तकांतून व पत्रकांतून फळझाडांकरिता तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट खोल खड्डा घ्यावा असे सांगितलेले असते. निचऱ्याच्या जमिनीत ते योग्यच आहे. आपल्या चिकण जागेत मात्र असा खड्डा खणून त्यात पोयट्याची माती व शेणखत भरले म्हणजे काय होते, याचा विचार करावा. भोवतालची माती घट्ट, आतली भुसभुशीत. सभोवारचे पाणी सखल व सैल जागा पाहून त्या खड्ड्यात उतरते आणि तेथून त्यास बाहेर जाण्यास वाट नसते. बुडास भोक नसलेल्या कुंडीत तुळस लाविली तर ती जगेल काय? आपण नेमके तेच करितो, आणि तेही हौसेने, खोल खणून.

यास्तव रोप विकत घेण्याच्या आधी जागेची परीक्षा करावी. श्रावणात, पाऊस लागून राहिला असता, योजलेल्या जागी दीड हात खोल खळगा करावा व तो पाण्याने काठोकाठ भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकामा दिसला तर खुशाल खड्डा घेऊन झाड लावावे. पाणी निम्मे उरले असेल तर झाड उंचवट्यावर लावावे. जसेच्या तसे उभे असेल तर तेथे फळझाडाचा नाद सोडून अळू लावावे, तेच शहाणपणाचे. हा खटाटोप बिनखर्ची आहे आणि तो एक पावसाळा आधी करावयाचा आहे. परंतु ज्याला झाडापासून पंचवीस-तीस वर्षे फळ खावयाचे आहे त्याने एक वर्ष थांबण्यास काय हरकत आहे?

उंचवटा करणे म्हणजे अवघड काम नव्हे. वैशाखात जागा फूटभर खोल कुदळून उन्हात तापू द्यावी. मग तिच्यावर वाडीतील वरची माती, नदीकाठची थोडी रेती व चारपाच घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळून दीड ते दोन फूट उंच व पाचसहा फूट व्यासाचा ढीग घालावा. एकदोन पावसांनी तो बसला म्हणजे त्याच्या माथ्यावर रोप लावावे. ढिगाच्या भोवती वीतभर खोल चर काढून तो उताराकडे वाहता करावा. लाविताना रोपाच्या पिशवीतील माती जितकी वर होती तितकीच ठेवावी. बुंध्यावर माती चढवू नये. कलमाचा सांधा मातीत गेला तर दोन तोटे होतात. सांधा कुजतो, किंवा कलमाच्या काडीला स्वतःची मुळे फुटून खुंटाचा उपयोग नाहीसा होतो. आमच्या दुसऱ्या खेपेच्या नऊ झाडांपैकी आठ आज उभी आहेत ती या ढिगांमुळेच, असा आमचा समज आहे. नववे वानरांनी मोडले.

पाणी सोसण्याची शक्ती सर्व झाडांस सारखी नसते. पपई सर्वांत नाजूक. मुळाशी एकदोन दिवस पाणी उभे राहिले की ती गेलीच. फणस, संत्रे व लिंबू यांनाही ते सोसत नाही. आंबा मोठा झाल्यावर काही दिवस तग धरितो, लहानपणी नाही. पेरू त्यांच्या मानाने काटक आहे, आणि जांभूळ तर ओढ्याच्या काठी पाण्यातही उभे राहते. आमच्या वहीतले दोन्ही पेरू का वाचले, याचे उत्तर यातच आहे. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

संत्र्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण नागपूर जवळ असल्याने त्याचा मोह प्रत्येकास पडतो. हे झाड भोसल्यांच्या काळात औरंगाबादेकडून नागपुरास आले असे सांगतात, आणि २०१४ साली 'नागपूर संत्रा' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागांत ते जे पिकते ते निचऱ्याच्या जमिनीत, आणि आपल्यापेक्षा कमी पावसावर. आपल्या चिकण मातीत व आपल्या पावसात त्याच्या बुंध्यास डिंक्या रोग लागतो. साल तडकते, डिंक पाझरतो आणि झाड एका बाजूने वाळत जाते. शिवाय संत्र्याचे रोप जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून तयार करितात. वरचा भाग अशक्त झाला की खालून खुंटाला जोरदार फूट येते, धनी ती पाहून आनंदतो, आणि तीन वर्षांनी झाडाला आंबटढोण जंबेऱ्या लागतात! सांध्याखालील फूट दिसताच ती बोटाने मोडून टाकावी, हा नियम सर्वच कलमांस लागू आहे. वाडी बर्डीवर असेल त्यानेच संत्र्याच्या वाटेस जावे.

त्याऐवजी कागदी लिंबू हे आमच्या मते सांदवाडीचे पहिले झाड होय. घरी रोज लागते, वानर त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत, आणि याचे महागडे कलम घेण्याचीही गरज नाही. यामागील कारण जाणण्यासारखे आहे. बहुतेक फळांचे बी हे दोन झाडांच्या संकराचे असते, म्हणून आंब्याची कोय किंवा पेरूचे बी लाविले तर आईसारखेच फळ मिळेल याची शाश्वती नसते. परंतु कागदी लिंबाच्या एका बीत पुष्कळदा दोनतीन अंकुर असतात आणि त्यांतील बरेचसे संकरातून न होता मातृवृक्षाच्याच पेशींपासून झालेले असतात. म्हणून ती रोपे आईसारखी निपजतात. एका बीतून दोन रोपे आली तर जोमदार ते ठेवावे. गावात ज्याच्या झाडाला रसाळ, पातळ सालीची लिंबे लागतात व ज्याच्या पानांवर खैऱ्याचे खरबरीत डाग नाहीत, त्याच्याकडून पिकून पिवळे झालेले लिंबू मागून घ्यावे, बी धुऊन सावलीत सुकवून लगेच पेरावे. फळास चारपाच वर्षे लागतात इतकेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, परभणीच्या व राहुरीच्या विद्यापीठांनी निवडलेल्या जातीही मिळतात, त्या ज्यास पाहिजेत त्याने घ्याव्या. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती फुलपाखराची अळी होय. एकदोन झाडांसाठी औषध आणू नये, सकाळी हाताने वेचावी. हे काम मुलांस आवडते.

डिंक्यासाठी मात्र औषध आहे व ते घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावा, १०० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरात भिजवून गाळावा, आणि दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. यास बोर्डो मलम म्हणतात. लोखंडी चाकूचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. हा मलम मृगापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा बुंध्यास गुडघ्याच्या वरपर्यंत लावावा. याच्या जन्माची कथा गमतीची आहे. फ्रान्स देशात बोर्डो शहराजवळचे मळेवाले रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत, हेतू इतकाच की वाटसरूंनी ती निळी द्राक्षे पाहून चोरू नयेत. मिलार्डे नावाच्या अध्यापकाच्या ध्यानात आले की रोग सर्वत्र पसरला असता याच वेली निरोगी आहेत. आणि १८८५ साली त्याने हे औषध जगापुढे ठेविले. चोरासाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली.

पेरूची 'सरदार' जात घ्यावी. अलाहाबादी सफेद्याच्या रोपांतून पुण्यास गणेशखिंडीच्या फळबागेत १९२७ साली डॉ. चीमा यांनी तिची निवड केली. तिलाच लखनौ-४९ असेही म्हणतात. हे झाड ठेंगणे व पसरट असल्यामुळे वाडीस सोयीचे. याविषयी आमच्या वाडीत घडलेला प्रकार सांगतो. आमच्या दोन पेरूंपैकी एक न्हाणीच्या पाण्यावर आहे, दुसरा पलीकडे कोरड्यात. न्हाणीजवळच्या झाडास बारमास फळ, आणि आम्ही त्याचेच कौतुक करीत होतो. घरच्या मंडळींनी एक दिवस सुनावले की, "पावसाळ्यातले प्रत्येक फळ कापले की आत अळ्या वळवळतात, ही फळे ढोरांपुढे टाकावी लागतात, आणि त्या कोरड्यातल्या झाडाची थंडीतली फळे एकही वाया जात नाहीत." म्हणणे खरे होते. माघ-फाल्गुनात पाणी मिळालेल्या झाडास जो बहार येतो त्याचे फळ पावसाळ्यात पिकते, पांचट लागते आणि त्यात फळमाशी अंडी घालते. चैत्र-वैशाखात पाणी तोडले तर झाड पाने गाळून विसावा घेते, मृगाच्या पावसाने त्यास एकदम फुलोरा येतो आणि फळ मार्गशीर्ष-पौषात पिकते; त्या वेळी थंडीने माशीचा उपद्रव कमी झालेला असतो व गोडीही भरते. तेव्हा मोठ्या पेरूस न्हाणीचे पाणी लावू नये. ते पाणी केळीस व लिंबास द्यावे. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र कोणत्याच झाडास घालू नये. त्यातल्या क्षारांनी माती बिघडते.

उन्हाळ्याविषयी फारशी धास्ती बाळगू नये असे वर लिहिले, ते निरोगी मुळांच्या झाडाबाबत. पहिली दोन वर्षे रोपास सांभाळावे लागतेच. त्यासाठी सच्छिद्र मातीचे मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी; ओल हळूहळू झिरपते व आठवड्यातून दोनदा भरले तरी पुरते. बुंध्याभोवती तणसाचे आच्छादन घालावे, पण बुंध्यापासून वीतभर दूर, नाही तर उधई तणसातून सालीवर चढते. नैर्ऋत्येच्या बाजूस तुराट्यांचा ताटवा उभा करावा, म्हणजे दुपारच्या झळा लागत नाहीत.

आंब्याबद्दल आम्ही मुद्दाम शेवटी लिहितो, कारण त्यात झाडापेक्षा माणसांचा प्रश्न अधिक आहे. नोकरीत असता वाटण्यांची व मोजणीची प्रकरणे आमच्या टेबलावरून पुष्कळ गेली. त्यांत एक असे होते की, दोघा सख्ख्या भावांची सांदवाडी वाटताना रेघ नेमकी आंब्याच्या बुंध्यातून गेली. थोरला म्हणे झाड बापाने माझ्या जन्माच्या वर्षी लाविले. धाकटा म्हणे सावली माझ्या छपरावर, कचरा माझ्या अंगणात, म्हणून फळही माझे. सात वर्षे दोघांचे बोलणे बंद होते. अखेर एका भावाने बुंध्याशी काय टाकिले देव जाणे, झाडच वाळले आणि मग तंटा मिटला. बापाने ते झाड हद्दीच्या संभाव्य रेघेवर न लाविता वाडीच्या एका कडेस, स्पष्ट एका बाजूस लाविले असते, तर? गावरान आंब्याला तीस फुटांचे अंतर लागते आणि त्याचे आयुष्य दोनतीन पिढ्यांचे असते. घराची व वाडीची वाटणी त्यापूर्वी खात्रीने व्हावयाची. लाविताना हे मनात आणावे.

लहान वाडीत 'आम्रपाली' जातीचे कलम लावावे हे आमचे मत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशेरी व नीलम यांच्या संकरातून ती निघाली. झाड ठेंगणे राहते, आठदहा फुटांच्या अंतरावरही बसते व फळ दरवर्षी येते. फळ लहान पण गोड, आणि उशिरा तयार होते. हापूसचा हट्ट धरू नये. तो कोकणच्या हवेतला राजा, आपल्याकडे त्याचे वैभव दिसत नाही. आमचेच उदाहरण द्यावयाचे तर पहिल्या खेपेस दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून 'हापूस' म्हणून घेतलेल्या तीन कलमांपैकी जे एक वाचले, त्यास सहाव्या वर्षी धाग्याधाग्यांची रायवळ फळे लागली. कोयीच्या रोपालाच मधे कापडाची पट्टी बांधून दिली होती. खऱ्या कलमात सांध्याच्या वरची व खालची साल निराळ्या छटेची असते, जोड पूर्ण भरलेला व दोन्हींकडे सारख्या जाडीचा असतो. पट्टी सोडून हे पाहण्यास विक्रेता नाही म्हणाला तर रोप घेऊ नये. फळरोपवाटिकांस १९६९ च्या कायद्यान्वये परवाना लागतो. परवान्याच्या रोपवाटिकेतून पावती घेऊन रोप आणावे. साकोलीस कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे चौकशी केली असता जातीविषयी सल्ला मिळतो.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द, जुन्या सवयीने. मालगुजारी होती तोवर, म्हणजे ३१ मार्च १९५१ पर्यंत, गावच्या वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या कागदात नोंदलेल्या असत व झाडांच्या हक्काचे वाद तो पाहून सुटत. आता खातेदाराच्या जमिनीतील झाडे त्याचीच. तथापि आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह ही झाडे १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. घर वाढविण्याचा विचार असेल त्या बाजूस ही झाडे लावू नयेत. शेतातील बांधावर झाडे असतील तर सात-बारावर त्यांची नोंद करून घ्यावी. कालव्यास वा रस्त्यास जमीन गेली असता झाडांचेही मूल्य मिळते, पण ती होती हे दाखविता आले पाहिजे. गावठाणाची मोजणी २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने होत आली आहे. मिळकत पत्रिका हाती आल्यावर हद्द पाहूनच वाडीची आखणी करावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे माणसास दररोज १०० ग्रॅम फळ पाहिजे. पाच माणसांच्या घरास ते वर्षाला सुमारे १८० किलो होते. इतके फळ बाजारातून आणणारे घर आमच्या पाहण्यात नाही. धान विकून फळ घेण्यास आपला हात धजत नाही, ही वस्तुस्थिती आहे. परंतु चांगला वाढलेला एक पेरू ४०-५० किलो फळ देतो, पपईची चार झाडे तितक्याहून अधिक देतात, केळीचा घड निराळा, आणि सीताफळ व आवळा कुंपणाशी सहज होतात. पेरूत संत्र्याच्या चौपटीच्या आसपास क जीवनसत्त्व असते आणि आवळ्यात त्याहूनही पुष्कळ अधिक. पपईबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की गावरान पपईत नर व मादी झाडे वेगळी असतात. म्हणून एका जागी तीन रोपे लावून फुले दिसल्यावर नर काढून टाकावे, वाडीत एखादाच नर राखावा.

वानरांवर आम्हांस उपाय सापडलेला नाही. जंगल शेजारी असल्याने ते यावयाचेच. पेरूच्या फळांस कागदी पिशव्या बांधल्या तर फळमाशीपासून बचाव होतो, वानर मात्र पिशवीसकट नेतात. करवंदाचे दाट कुंपण शेळ्या-गुरांस आडवते, त्यांस नाही. म्हणून आम्ही लिंबू, कवठ व बेल अशी तीन झाडे जंगलाच्या बाजूस आणि पेरू, पपई घराच्या दाराजवळ ठेविली आहेत. दिवसा कोणीतरी ओट्यावर असते, तेवढाच धाक.

आमच्या लिंबाच्या झाडाखाली व वाफ्यात यंदा पन्नासाहून अधिक रोपे झाली आहेत. नाकाडोंगरीच्या व जवळपासच्या गावांच्या सभासदांनी मृगापूर्वी येऊन ती न्यावी, किंमत नाही. मात्र ज्यांनी मागील श्रावणात आपल्या वाडीत पाण्याचा खळगा करून पाहिला असेल त्यांस आधी देऊ. बाकीच्यांनी ढीग घालून मग यावे.